जॉन ग्लेन यांचा दृक्‌श्राव्य ठेवा कसा जपायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्मची रिळं आणि जुन्या टेपा डिजिटल करण्याचं काम करणाऱ्याला लोक दोनच गोष्टी विचारतात: किती पैसे पडतील आणि कधी मिळेल. त्यापलीकडचे प्रश्न विचारणारेही भेटतात, आणि त्यांना उत्तर देताना मी बहुतेक वेळा जॉन ग्लेन यांचं उदाहरण घेतो. आधी अंतराळवीर आणि मग राजकारणी झालेल्या माणसाच्या बाबतीत या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच जागी सापडतात.

ग्लेन म्हणजे चंद्रावर गेलेले ना?

नाही. चंद्रावर गेले ते नील आर्मस्ट्राँग. तेही ओहायोचेच, म्हणून गल्लत होते. ग्लेन (१९२१–२०१६) हे पृथ्वीभोवती कक्षेत फिरलेले पहिले अमेरिकन. २० फेब्रुवारी १९६२ रोजी ‘फ्रेंडशिप ७’ यानातून त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. सगळा प्रवास पाच तासांच्या आत आटोपला. त्याआधी ते मरीन दलात लढाऊ वैमानिक होते, दुसरं महायुद्ध आणि कोरिया या दोन्ही युद्धांत लढलेले. १९७४ मध्ये ओहायोतून सिनेटवर निवडून आले आणि २४ वर्षं तिथे राहिले. १९८४ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. पुढे ऑक्टोबर १९९८ मध्ये, सिनेटर असतानाच, वयाच्या ७७ व्या वर्षी ‘डिस्कव्हरी’ शटलमधून पुन्हा अंतराळात जाऊन आले.

त्यांच्या दृक्‌श्राव्य ठेव्यात नेमकं काय काय येतं?

जवळजवळ सहा दशकं हा माणूस कॅमेऱ्यासमोर होता आणि त्या काळात आलेलं प्रत्येक माध्यम त्याच्यावरून गेलं.

जुलै १९५७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कपर्यंत ध्वनीपेक्षा जास्त सरासरी वेगाने विमान नेलं आणि त्याच वर्षी टीव्हीवरच्या गाणी ओळखायच्या एका बक्षिसाच्या कार्यक्रमातही झळकले. त्या काळचे असे कार्यक्रम उरले असतील तर बहुधा किनेस्कोपवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्याकडे फिल्म कॅमेरा रोखून केलेल्या प्रतीवर. १९६२ च्या उड्डाणाचं बरंचसं चित्रण १६ मिमी फिल्मवर आहे. यानात त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेराही फिल्मचाच होता. १९७४ च्या प्रचाराच्या बातम्या १६ मिमी न्यूजफिल्मवर, आणि सत्तरीचं दशक संपेपर्यंत त्याच वाहिन्या यू-मॅटिकवर, म्हणजे व्यावसायिक वापराच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटवर, आलेल्या. १९८४ च्या प्रचाराच्या जाहिरातींचा काळ एक इंची व्हिडिओ टेपचा आणि यू-मॅटिकचा. नव्वदीत वाहिन्यांकडे बीटाकॅम एसपी व्हिडिओ कॅसेट आणि घरोघर व्हीएचएस. जोडीला पाव इंची ध्वनिफितीच्या रिळांवरची भाषणं, ऑडिओ कॅसेटवरच्या मुलाखती, घरगुती ८ मिमी फिल्म, स्लाइड, निगेटिव्ह.

फोटोंतली एक गंमत सांगतो. कक्षेतून पृथ्वीचे फोटो काढायला ग्लेन यांनी नेलेला कॅमेरा कोको बीचच्या एका साध्या दुकानातून विकत घेतलेला होता, किंमत सुमारे ४० डॉलर. हेल्मेट आणि जाड हातमोजे घालून तो वापरता यावा म्हणून तंत्रज्ञांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवून दिली. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कॅमेरा एका संस्थेकडे, त्यातून निघालेली फिल्म दुसरीकडे: या ठेव्याची विभागणी सगळीकडे अशीच झालेली आहे.

हे सगळं नासाकडे असेलच ना?

नासाकडे नासाचं आहे. मोहिमेच्या फिल्म आणि ध्वनिमुद्रणं सरकारी नोंद ठरतात, म्हणून ती नासा आणि अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार यांच्याकडे. यान आणि स्पेससूट स्मिथसोनियनमध्ये. त्या दिवशीच्या टीव्ही प्रक्षेपणाचं जे काही उरलं ते त्या त्या नेटवर्ककडे.

राजकारणाच्या बाजूला नियम निराळे आहेत. अमेरिकेत सिनेटरच्या कार्यालयातली कागदपत्रं आणि टेपा ही त्याची खाजगी मालमत्ता मानली जाते. तो त्या विद्यापीठाला देऊ शकतो, तळघरात ठेवू शकतो, कचऱ्यातही टाकू शकतो. राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांसाठी १९७८ चा कायदा आहे, सिनेटरसाठी तसा काही नाही. समितीच्या नोंदी तेवढ्या सिनेटच्या. ग्लेन १९८७ ते १९९५ या काळात सरकारी कामकाज समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात जातात. त्याच सुनावणीबद्दल त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाने जमवलेली कात्रणं आणि कॅसेटी मात्र त्यांच्या. ग्लेन यांनी आपला संग्रह कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाला दिला. प्रत्येक सिनेटर असं करत नाही.

मग जास्त धोक्यात काय आहे? १९६२ चं की नंतरचं?

नंतरचं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते लोकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

‘फ्रेंडशिप ७’ च्या चित्रणाच्या असंख्य प्रती आहेत. एखादं रीळ खराब झालं तर दुसरीकडून मिळेल. शिवाय फिल्म हे सोशिक माध्यम आहे: थंड जागी ठेवली तर शंभर वर्षं सहज टिकते, आणि यंत्र नसलं तरी उजेडासमोर धरून त्यात काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. पण १९८१ साली एखाद्या गावच्या सभागृहात शेतकऱ्यांनी ग्लेन यांना प्रश्न विचारले असतील आणि ते कोणी यू-मॅटिकवर घेतलं असेल, तर ती टेप जगात एकच असणार. तिच्यावरचा चुंबकीय थर सुटायला लागलेला असणार, आणि ती वाजवणारं यंत्र आज कोणी बनवत नाही.

सिनेटच्या सभागृहात कायमचे कॅमेरे आले ते जून १९८६ मध्ये. म्हणजे ग्लेन यांच्या पहिल्या अकरा वर्षांतल्या सभागृहातल्या भाषणांचं चित्रण जवळजवळ नाहीच, छापील कामकाज आहे. १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. कित्येकांच्या मते त्यांच्या संसदीय कामातली ती सगळ्यात मोलाची गोष्ट. त्यावर ते प्रत्यक्ष कसे बोलत, कुठे अडखळत, कुठे चिडत, हे कळायचं तर स्थानिक वाहिन्यांच्या मुलाखती आणि कार्यालयातल्या कॅसेटी यांच्यावरच भिस्त. पण निधी मागायला गेलं की देणगीदाराला रॉकेट हवं असतं. रॉकेट दाखवून पैसे घ्यावेत आणि ते कॅसेटींवर खर्च करावेत, असं मी उघडपणे सांगतो.

एकाच प्रसंगाच्या दोन प्रती असतील तर एक ठेवून चालणार नाही का?

दोन्ही खरोखर एकच आहेत का, ते आधी बघा. ग्लेन यांच्या उड्डाणातलं उदाहरण यासाठी अगदी चपखल आहे. प्रक्षेपणाच्या वेळी त्यांचे सहकारी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी प्रक्षेपणतळावरच्या ब्लॉकहाउसमधून दिलेला ‘गॉडस्पीड, जॉन ग्लेन’ हा निरोप जगप्रसिद्ध झाला, पण तो ज्या वाहिनीवर होता ती ग्लेन यांच्या कानात लागलेली नव्हती. त्यांनी तो ऐकला उड्डाणानंतर.

परतीच्या वेळी याच्या बरोबर उलट घडलं. उष्णतारोधक कवच सैल झाल्याचा इशारा जमिनीवर मिळाला होता, म्हणून ते कवच जागेवर राहावं या आशेने रेट्रोरॉकेटचा, म्हणजे यानाचा वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा, संच न टाकता तसाच ठेवून यान खाली आणलं. वातावरणात शिरताना काही मिनिटं रेडिओ संपर्क तुटतो. त्या वेळात पेटलेले तुकडे खिडकीवरून जाताना बघत ग्लेन बोलत होते. जमिनीवर ते पोहोचलं नाही, यानातल्या टेपरेकॉर्डरवर मात्र उतरलं. इशारा खोटा होता हे पुढे कळलं. म्हणजे ‘ग्लेन यांचं १९६२ चं ध्वनिमुद्रण’ अशी एक वस्तू नाहीच. ‘दुसरी प्रत’ असा शिक्का मारून डबा बाजूला टाकणाऱ्याने आधी दोन्ही ऐकलेल्या असाव्यात.

अगदी तंतोतंत नकला असतील, उदाहरणार्थ एकाच प्रचारजाहिरातीच्या वाहिन्यांना धाडलेल्या वीस कॅसेटी, तर सगळ्यात जुन्या पिढीची, म्हणजे मूळ मुद्रणाच्या सगळ्यात जवळची, आणि सुस्थितीतली एक पूर्ण जपावी, अडीअडचणीला आणखी एक ठेवावी, बाकीच्यांची फक्त नोंद. सगळंच जपायचं म्हटलं की काहीच धड जपलं जात नाही.

फिल्मच्या डब्यातून आंबट वास येतो. हे काय?

ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकवरची फिल्म कुजते आहे. तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच. साध्या खोलीच्या तापमानात साधारण चार-पाच दशकांत हे सुरू होतं, उष्ण आणि दमट हवेत बरंच लवकर. आणि एकदा सुरू झालं की आम्लच पुढच्या कुजण्याला चालना देतं, त्यामुळे वेग वाढत जातो. फिल्म आकसते, कडक होते, वाकते आणि शेवटी प्रोजेक्टरच्या दातांवर बसेनाशी होते. डब्यात ठेवायच्या निळ्या चाचणीपट्ट्या मिळतात; निळ्याची हिरवी आणि पुढे पिवळी झाली की प्रकरण हाताबाहेर चाललं समजा. ही प्रक्रिया उलटत नाही, फक्त मंदावते, आणि त्याला उपाय थंडी. असे डबे चांगल्या डब्यांपासून वेगळे ठेवा.

रंगीत फिल्मचं दुखणं आणखी एक. निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि सगळं चित्र गुलाबी दिसायला लागतं. त्यावरही थंडीच.

टेप ‘भाजतात’ हे खरं का?

खरं आहे, पण घरच्या ओव्हनमध्ये नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच टेपांमध्ये चुंबकीय कणांना धरून ठेवणारं बंधक हवेतला ओलावा शोषून चिकट होतं. अशी टेप यंत्रात घातली की किंचाळल्यासारखा आवाज येतो, फिरता फिरता थांबते आणि हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल सोडते. ५०–५५ अंश सेल्सिअसवर, नियंत्रित यंत्रात, काही तास ते दिवसभर ठेवल्यावर ती तात्पुरती बरी होते. तेवढ्या अवधीत नक्कल काढून घ्यायची. ॲसिटेटच्या पायावरची जुनी ध्वनिफीत मात्र चुकूनही भाजू नये, ती वाया जाते. म्हणून टेप कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावं लागतं. जुने तंत्रज्ञ रीळ दिव्यासमोर धरतात: आरपार उजेड दिसला तर ॲसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर.

यू-मॅटिक डिजिटल करताना प्रत्यक्ष काय करतात?

कॅसेट उलटी करून खालचं लाल बटण आहे का ते बघायचं. असेल तर काढून टाकायचं, म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. झाकण उचलून टेपवर पांढरी बुरशी आहे का, कड दुमडली आहे का ते पाहायचं. मग एकदा सावकाश पुढे-मागे गुंडाळून घ्यायची. यंत्र टेप बाहेर ओढून ड्रमभोवती लपेटतं तेव्हा खाडखाड आवाज येतो. त्या आवाजावरूनच अनुभवी माणसाला कळतं की आज काम होणार की नाही. चित्र थरथरत असेल तर ते स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर जोडायचा. सुरुवातीला रंगपट्ट्या असल्या तर त्यावरून पातळ्या लावायच्या. पडद्यावर पांढरे ओरखडे वाढायला लागले की थांबून हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. तासाभराच्या टेपला तासभर तर लागतोच, खराब टेप अख्खा दिवस खाते. घाई करायला इथे जागाच नाही.

प्रचारजाहिरातीचं कच्चं चित्रण असेल तर दोन टेकच्या मधला भाग कापू नका. उमेदवार कोट नीट करताना, वाक्य बदलून मागताना, सहायकाशी बोलताना दिसतो तो तिथेच. तीस सेकंदांची जाहिरात ओक्लाहोमा विद्यापीठाच्या राजकीय जाहिरातींच्या संग्रहासारख्या ठिकाणी मिळू शकते, हे मधलं दुसरीकडे कुठेच मिळायचं नाही.

फाइल केली की काम संपलं का?

मुळीच नाही. व्हिडिओची जतनप्रत दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात हवी. साध्या जुन्या व्हिडिओचा एक तास अजिबात न दाबता ठेवला तर सुमारे १०० जीबी होतो. मात्रोस्का फाइलमध्ये एफएफव्ही१ या पद्धतीने दाबला तर जागा बरीच वाचते आणि माहितीचा एक कणही जात नाही. आवाजासाठी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल, दोन वाहिन्यांचा तास साधारण दोन जीबी. बघण्यासाठी छोटी एमपी४ वेगळी काढा. नुसती एमपी४ करून देणारे खूप आहेत, ते जतन नव्हे.

मग प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, काढायची आणि ठरावीक काळाने पुन्हा ताडून बघायची. किमान तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. मोठ्या संस्था संगणकीय फाइली साठवायची एलटीओ टेप वापरतात, पण तिचीही पिढी बदलत राहते: आठव्या पिढीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीची टेप वाचत नाही. म्हणजे दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर हलवायचा खर्च आलाच. त्याची तरतूद नसेल तर डिजिटायझेशनचा समारंभ करू नये.

मग मूळ टेपा टाकून द्यायच्या?

नाही.

अपोलो ११ चं प्रकरण लक्षात घ्या. चंद्रावरून आलेलं मूळ चित्र, टीव्हीवर दिसलं त्याहून कितीतरी स्वच्छ, मोठ्या टेलिमेट्री टेपांवर, म्हणजे यानाकडून येणारे संकेत टिपणाऱ्या टेपांवर, नोंदलं होतं. प्रक्षेपणाच्या प्रती आहेत म्हणून त्या टेपांची कोणाला फिकीर वाटली नाही. २००९ मध्ये नासाने शोध संपवताना कबूल केलं की त्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मग टीव्हीच्या उरलेल्या प्रतींवरूनच चित्र सुधारून घ्यावं लागलं.

डब्यावर नाव-तारीख काहीच नाही. ओळखायचं कसं?

ग्लेन यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत हे तुलनेने सोपं. फिल्मच्या कडेला कंपनीची खूण असते, तिच्यावरून निर्मितीचं वर्ष कळतं. चित्रात मागे असलेले फलक, गाड्या, शेजारी उभे असलेले नेते. त्यांच्या पत्नी ॲनी ग्लेन बोलत असतील तर आणखी एक धागा: त्यांना लहानपणापासून तोतरेपणाचा मोठा त्रास होता आणि १९७३ मधल्या उपचारानंतर त्या जाहीरपणे बोलू लागल्या. तेव्हा त्या व्यासपीठावरून मोकळेपणी भाषण करत असतील तर टेप त्यानंतरची. जी गोष्ट कागद सांगू शकत नाही ती इथे कानाला ऐकू येते, म्हणून पत्नीच्या, सहायकांच्या, प्रश्न विचारणाऱ्यांच्या नावांचीही नोंद करा. ‘ग्लेन, भाषण’ एवढीच नोंद म्हणजे नोंद न केल्यासारखीच.

अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच लिहा. चुकीची ठाम तारीख पुढे तीस वर्षं सगळे उतरवून घेत राहतात.

कॉपीराइट कोणाचा?

नासाचं चित्रण अमेरिकी सरकारचं काम म्हणून तिथे बहुतांशी मुक्त आहे. नेटवर्कची बातमी नेटवर्कची. प्रचारजाहिरात प्रचारसमितीची किंवा जाहिरात कंपनीची, त्यातलं संगीत भलत्याच कोणाचं. समिती केव्हाच बरखास्त झालेली असते, विचारायचं कोणाला? विद्यापीठाकडे टेप असणं म्हणजे हक्क असणं नव्हे. म्हणून बरंचसं साहित्य वाचनकक्षात बसून पाहता येतं पण इंटरनेटवर चढवता येत नाही. यात संग्रहपालांना दोष देणारे भेटतात. माझ्या मते तो अन्यायच.

नेत्याचा संग्रह त्याच्याच मर्जीने आलेला. अडचणीचं काढून टाकलेलं नसेल कशावरून?

शंका रास्त आहे. ग्लेन यांच्या बाबतीत अशा प्रसंगाचं नाव ‘कीटिंग फाइव्ह’: एका बँकमालकासाठी नियामकांकडे रदबदली केल्याच्या आरोपावरून पाच सिनेटरांची चौकशी झाली. सिनेटच्या आचारनीती समितीने १९९१ मध्ये ग्लेन यांच्या निर्णयशक्तीवर ठपका ठेवला, कारवाई केली नाही. ती सुनावणी दूरचित्रवाणीवर दिसली होती, म्हणजे त्यांच्या संग्रहाबाहेरही तिचे पुरावे आहेत. संशोधकाने फक्त दात्याच्या डब्यांवर विसंबू नये, विरोधकाचा संग्रहही उघडावा. १९७४ च्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत प्रतिस्पर्धी हॉवर्ड मेट्झेनबॉम यांनी ग्लेन यांनी कधी नोकरी केली नाही असा टोमणा मारला आणि क्लीव्हलंडच्या सिटी क्लबमध्ये ग्लेन यांनी रुग्णालयातले जखमी सैनिक आणि शहीदांच्या मातांचा दाखला देत जे उत्तर दिलं त्याने निवडणूक फिरली असं मानतात. त्या प्रसंगाची मेट्झेनबॉम यांच्या बाजूने कोणी काही नोंद ठेवली असेल तर ती ग्लेन यांच्या कपाटात सापडायची नाही.

मतदारांनी खाजगी अडचणी सांगितलेली मुद्रणं मात्र बंद ठेवणंच योग्य. ती लपवाछपवी नव्हे.

एआयने जुनं चित्रण लख्ख करून मिळतं. ते का वापरू नये?

बघायला वापरा. जतनप्रत म्हणून नाही. यंत्र नसलेला तपशील अंदाजाने भरतं; कक्षेतून दिसलेले ते चमकते कण, ज्यांना ग्लेन काजवे म्हणाले आणि जे यानावरच्या हिमाचे कण निघाले, ते एखादं सॉफ्टवेअर धूळ समजून पुसूनही टाकेल.

महाराष्ट्रात अशा कामाची सोय आहे का?

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे आणि फिल्म जतनातलं कौशल्य तिथे आहे, पण त्याचा भर सिनेमावर. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, हेही विसरायला नको. तालुक्याच्या माजी आमदाराच्या सभांच्या व्हीएचएस सांभाळणारी यंत्रणा मला तरी कुठे दिसत नाही. त्या कॅसेटी लग्नाच्या कॅसेटींसोबत माळ्यावर असतात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत जातात.

आमच्याकडे अशा कॅसेटी आहेत. आज काय करू?

माळ्यावरून खाली आणा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्याआधी. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, स्पीकर आणि भिंतीच्या ओलीपासून लांब. व्हीएचएसच्या पाठीवरची प्लास्टिकची चकती मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसली तर ‘एकदा लावून बघू’ हा मोह टाळा: हेड भरतात आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. लेबलं आणि आतल्या चिठ्ठ्या यांचे मोबाइलवर फोटो काढा. त्यातल्या माणसांना ओळखणारं घरात कोणी असेल तर यादी घेऊन आधी त्यांच्याजवळ बसा, टेपांचं नंतर बघू.